पावसाळ्यात टिलँडसियाचा पोंगा का कुजतो, आणि तो कसा थांबवायचा

टिलँडसिया म्हणजे एअर प्लांट, मातीविना फांदीवर किंवा लाकडावर बांधून वाढवायचं रोप. मे महिन्यात ठणठणीत असलेली टिलँडसिया जुलैभर वरून तशीच दिसते. मग गणपतीच्या सुमारास एक दिवस सहज हात लावला की मधली चार-पाच पानं, म्हणजे पोंगा, अलगद सुटून हातात येतात. पानांची बुडं तपकिरी, मऊ, आंबूस वासाची. पुढच्या वर्षी नवं रोप येतं, जागा बदलते, पाणी निम्मं होतं आणि भाद्रपदात पुन्हा तेच. कोकण, मुंबई-ठाणे आणि गोव्यात ही तक्रार दरवर्षीची; पुण्यात ती बंद गॅलऱ्यांमधून जास्त येते.

"पाणी कमी घाला" या सल्ल्याने ती मिटत नाही, कारण पावसाळ्यात पाणी आपण घालतच नसतो. रोप किती वेळ ओलं राहतं, हे मोजायला हवं. भिजल्यापासून साधारण ४ तासांत पानं कोरडी होत असतील तर यातल्या बऱ्याच जाती धो धो पाऊसही सोसतात. पानांच्या बेचक्यात पाणी सलग दोन-तीन दिवस साचून राहिलं तर मात्र कुठलंही औषध उपयोगाला येत नाही.

तपकिरी कुठून सुरू झालं?

उपाय करण्याआधी एवढं एक नीट बघा. तपकिरी दिसलं की कूज समजून औषध मारणं आणि तपकिरी दिसलं की कोरडं पडलं समजून पाणी ओतणं, या दोन्ही घाईंनी रोपं जातात.

रोप हातात घ्या. अंगठा आणि तर्जनीत त्याचं बूड धरून हलकं दाबा. निरोगी बूड कांद्याच्या दांड्यासारखं टणक लागतं. दबत असेल, किंवा दाबल्यावर ओल सुटत असेल, तर कूज सुरू झाली आहे. मग अगदी मधलं पान चिमटीत धरून किंचित वर ओढा. ते हललं नाही तर वाढीचा कोंब शाबूत आहे. सुटून आलं तर त्याच्या टोकाचा वास घ्या. आंबूस किंवा कुजकट वास आला की शंका उरत नाही.

टोकापासून सुरू झालेलं, कडक आणि कुरकुरीत तपकिरी म्हणजे कूज नव्हे. त्यामागे कोरडेपणा, जड पाणी, जास्तीचं खत किंवा तांबं असतं. अगदी खालची बाहेरची पानं एकेक करून वाळत असतील तर ते नैसर्गिक आहे, ती ओढून काढून टाका. एकाच बाजूला फिकट, भाजल्यासारखा डाग पडला असेल तर ते दुपारचं ऊन, बहुतेक पश्चिमेच्या काचेतून आलेलं.

ओलेपणाने नेमकं काय बिघडतं

टिलँडसियाची मुळं फक्त फांदी पकडायला असतात. पाणी पिण्याचं काम पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांकडे आहे. आयोनान्था जातीच्या पानावर पावसाच्या पाण्याचा एक थेंब टाकून जवळून बघा. थेंब पसरतो आणि ओल्या भागातला रुपेरी रंग काही क्षणांत हिरवा होतो. कोरडे असताना हे खवले उभे आणि हवेने भरलेले असतात, म्हणून पान रुपेरी दिसतं. पाणी लागलं की ते पानाला चिकटून बसतात आणि पाणी आत जातं. मात्र वर जो पाण्याचा पापुद्रा राहतो, त्यातून हवा फारशी आत शिरत नाही.

रुपेरी जाती आपली पर्णरंध्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा बंद दाराआड तो वापरतात. निवडुंगाचीही हीच रीत. रात्रभर पान ओलं राहिलं तर त्या रात्रीचं जेवण चुकलं. अशा सलग पंधरा रात्री गेल्या की रोप आतून दुबळं होतं आणि बेचक्यातल्या साचलेल्या पाण्यात बुरशी व जिवाणूंना आयतं घर मिळतं.

टिलँडसिया अननसाच्या कुळातली. या कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती अमेरिका खंडातल्या आहेत. एकच जात पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत आढळते. मेक्सिको, ग्वाटेमाला, इक्वेडोर, ब्राझील इथे टिलँडसिया झाडांच्या उंच फांद्यांवर वाऱ्यात वाढतात. तिथेही पाऊस पडतो, पण रुपेरी जातींच्या मुलखात पावसानंतर वारा आणि ऊन मिळतं. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि हवाच इतकी दमट असते की ओला टॉवेल दोन दिवसांत वाळत नाही. टॉवेल वाळत नाही तिथे टिलँडसियाही वाळणार नाही, जागा निवडताना हा अंदाज पक्का समजा.

आंब्या-फणसावरची सीतेची वेणी सबंध पावसाळा मजेत काढते, मग हिला काय होतं, असं पुष्कळजण विचारतात. त्या ऑर्किडची जाड मुळं उघडी लोंबतात, पाणी मुळांतून जातं आणि पानांच्या बेचक्यात फारसं साचत नाही. शिवाय ती इथलीच आहे, हाच पाऊस पीत वाढलेली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात करायची कामं

कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो. त्याआधी रोपांची वाटणी करा.

झेरोग्राफिका, टेक्टोरम, बल्बोसा आणि कॅपुट-मेडुसी या जाती छपराखाली न्यायच्याच. बल्बोसा आणि कॅपुट-मेडुसीचं बूड कांद्यासारखं फुगीर असतं आणि आत पोकळ्या असतात. तिथे गेलेलं पाणी बाहेर येत नाही. टेक्टोरम इक्वेडोर-पेरूच्या कोरड्या डोंगरांतली, अंगभर पांढरी लव असलेली. तिला उन्हाळ्यातही बुडवून भिजवू नये, फवारा पुरतो.

आयोनान्था आणि स्ट्रिक्टा उघड्यावर ठेवता येतात, पण आडव्या किंवा तोंड खाली करून बांधलेल्या. सरळ वर तोंड करून बांधलेलं रोप म्हणजे पावसाखाली ठेवलेली वाटी. आधीच सरळ बांधलं असेल तर सोडवण्याची गरज नाही. पाटी किंवा लाकडाचा तुकडाच ४५ ते ९० अंशांनी कलता करा.

दाढीसारखी लोंबणारी उस्निऑइडिस विरळ करा. दाट झुपका बाहेरून हिरवा दिसतो आणि आतून काळा पडलेला असतो. झुपका बोटभर जाडीचा ठेवून बाकीचे पदर वेगळे टांगा.

जुन्या आयोनान्थाचे मुठीएवढे गुच्छ झाले असतील तर बोटांनी पानं फाकवून आतलं वाळलेलं सगळं काढा. हाच कचरा स्पंजासारखा पाणी धरतो. दोन-तीन तुकडे करावे लागले तरी करा.

बांधलेल्या जागी मॉस, काथ्याचा गोळा किंवा नारळाच्या सोडणाचा मऊ थर असेल तर तो पूर्ण काढून टाका. विकताना तो शोभेसाठी लावलेला असतो आणि पावसाळ्यात बूड कुजवण्याचं निम्मं काम तोच करतो. जुन्या बनियनची सुती पट्टीही नको, ती पाणी धरते. कोकणात मासे पकडायला वापरतात तो तंगूस (नायलॉनचा दोरा) उत्तम: दोन वेढे, वर गाठ, रोप हलणार नाही इतकं घट्ट. चिकटवायचं असेल तर फेविक्विकसारख्या गोंदाचे एक-दोन थेंब बुडाच्या कडेला लावा, मधोमध नाही. काचेच्या गोळ्यात किंवा बरणीत ठेवलेलं रोप या चार महिन्यांत बाहेर काढायचंच.

छपराखाली म्हणजे घरात कोपऱ्यात नव्हे. पाऊस लागणार नाही पण वारा आरपार जाईल आणि उजेड भरपूर असेल अशी जागा हवी. ग्रीलच्या आतल्या बाजूला, वर पॉलीकार्बोनेटचा पत्रा, हे बहुतेक फ्लॅटमध्ये जमतं. वाराच नसेल तर टेबल पंखा रोज सकाळी २-३ तास लावा. तेवढ्याने फरक पडतो.

छपराखालच्या रोपांना पावसाळ्यात १० ते १२ दिवसांतून एकदा, उघडीप असेल त्या दिवशी सकाळी, पाण्यात ५ मिनिटं बुडवा, उलटं करून चार-पाच वेळा जोरात झटका आणि उलटंच ठेवा. टेक्टोरमला तेव्हाही नुसता फवारा. बाकीच्यांना यापेक्षा जास्त नको. दुपारी रंग बघा: पान अजून गर्द हिरवं दिसत असेल तर ते ओलंच आहे. बेचक्यात पाणी अडकलं असेल तर कापसाची वात वळून तिचं टोक आत सोडा. समईत तेल चढतं तसं पाणी वातीत चढतं. झेरोग्राफिकासारख्या मोठ्या रोपाला अशा चार-पाच वाती लागतात.

कूज लागलेलं रोप

ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करा आणि बांधणी सोडा. मऊ झालेलं प्रत्येक पान बुडापासून ओढून काढा, पांढरट-हिरवं टणक ऊतक लागेपर्यंत. अर्धं रोप गेलं तरी थांबू नका. एक मऊ पान मागे राहिलं तर आठवड्यात पुन्हा तेच होतं.

मग उलटं टांगून पंख्याखाली २४ ते ४८ तास. त्यानंतर ५ ते ७ दिवस पाण्याचा थेंब नाही. दालचिनीची पूड किंवा हळद भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. पूड बेचक्यात बसते, ओल धरते आणि खवले बुजवते. कोरडी हवा तिच्याहून जास्त काम करते.

मधला पोंगा निघून आला पण बूड टणक आहे, अशी स्थिती असेल तर रोप टाकू नका. ते स्वतः वाढणार नाही, पण बगलेतून पिल्लं फुटण्याची चांगली शक्यता असते. सावलीत, वाऱ्यावर, अगदी थोड्या पाण्यावर तीन-चार महिने सांभाळा.

औषध वापरायचंच असेल तर अननसाच्या पोंगा कुजीवर चालणारं फोसेटिल-अॅल्युमिनियम लिटरला २ ग्रॅम, एकदाच, उघडीप असताना. अननस याच कुळातला आहे आणि फायटोफ्थोरा ही बुरशी दोघांनाही गाठते. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा तिच्यावर उपयोग होत नाही. आणि तांबंयुक्त बुरशीनाशक चुकूनही नको. त्याचं कारण पुढे.

तांबं आणि जस्त

पाणी, वारा, उजेड सगळं बरोबर असूनही रोप झुरत असेल तर इथे शोधा. ही खवल्यांची पानं पाण्याबरोबर त्यात विरघळलेलं सगळं ओढून घेतात. तांब्याचं जे प्रमाण आंब्याला जाणवतही नाही, ते टिलँडसियाला मारतं. टोकं आणि कडा तपकिरी होतात, वाढ थांबते आणि काही आठवड्यांनी मधला कोंब वाळतो. तारेने बांधलं असेल तर तार टेकते तिथे काळपट पट्टा दिसतो.

मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार मऊ आणि सहज मिळणारी, म्हणून बांधायला घेतली जाते. ती आजच काढा. जीआय तारेवर जस्ताचा मुलामा असतो, विशेषतः नवी असताना तो पावसात सुटतो. स्टेनलेस स्टील किंवा अॅल्युमिनियमची तार चालते.

तांब्याच्या हंड्यात किंवा घंगाळात रात्रभर ठेवलेलं पाणी माणसाला देतात, या रोपांना देऊ नये. एसीचं पाणी क्षारविरहित असतं म्हणून बरेचजण वापरतात, पण ते तांब्याच्या कॉइलवरून आलेलं असू शकतं. ते इतर कुंड्यांना घाला. नव्या जस्ती पत्र्याच्या पन्हळीतून गळणाऱ्या धारेखालीही रोप ठेवू नका. पावसाचं पाणी साठवायचं तर कौलांवरचं किंवा प्लॅस्टिकच्या कापडावरचं, आणि पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्या.

कोकणातल्या वाडीत सगळ्यात मोठा घोळ होतो तो बोर्डो मिश्रणामुळे. सुपारीवरच्या कोळे रोगासाठी (फळं कुजून गळण्याचा रोग) पावसाच्या तोंडावर १ टक्का बोर्डो मारतात: १ किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. साधारण ४० ते ४५ दिवसांनी दुसरी फवारणी. हे मिश्रण घडाला चिकटून राहावं असंच बनवलेलं असतं आणि पुढे पावसाबरोबर थोडं थोडं खोडावरून उतरत राहतं. त्याच खोडावर कमरेएवढ्या उंचीवर हौसेने बांधलेली टिलँडसिया सबंध पावसाळा मोरचुदाचं पाणी पिते. तिचा मृत्यू "पावसाने कुजली" या खात्यावर जमा होतो आणि पुढच्या मेमध्ये त्याच खोडावर नवी बांधली जाते. फवारणीच्या दिवशी रोप झाकून भागत नाही. फवारा बसणाऱ्या सुपारी-नारळावर आणि त्यांच्या ठिबकणीखाली ही रोपं लावूच नयेत. आंब्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड मारत असाल तर तोही नको.

खताच्या दुकानातल्या फवारणीच्या सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रणातही तांबं आणि जस्त असतं, तेव्हा तेही वगळा. खत द्यायचं तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला पाव ग्रॅम, महिन्यातून एकदा, ऑक्टोबर ते मे. प्रमाण वाढवण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात खत बंद.

कोणत्या झाडावर बांधावी

देवचाफा (सोनचाफा नव्हे). टिकून राहणारी साल, उघडा आकार, हिवाळ्यात पानगळ झाल्यावर भरपूर उजेड. शिवाय चाफाही मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेतला. एक सांभाळायचं: गळलेली फुलं रोपात अडकली तर काढत राहा. चिकूची साल चांगली, पण आत अंधार फार, म्हणून बाहेरच्या फांद्यांवर. पेरू आणि नीलगिरी साल टाकतात, रोप सालीसकट खाली येतं. आणि झाडाच्या मालकाने घाबरू नये: हे बांडगूळ नाही, झाडाचा रस पीत नाही.

पाणी साठवणाऱ्या जाती

निओरेगेलिया, एक्मिया, गुझमानिया, व्हरीसिया या त्याच कुळातल्या रोपांच्या पानांची बैठकच पेल्यासारखी असते आणि त्यात पाणी राहायला हवं. पावसाळा त्यांना एरवी मानवतो. त्यांचा पोंगा कुजतो तो पेल्यात पडलेल्या पानाफुलांच्या कचऱ्याने, पेल्यात टाकलेल्या खताच्या दाण्यांनी, किंवा मातीत खोल लावल्याने. बागेतली माती आणि शेणखत यांना चालत नाही. सोडणाचे २ भाग तुकडे, १ भाग लोणारी कोळसा, १ भाग विटांचे चण्याएवढे तुकडे. आणि सर्वांत खालचं पान पृष्ठभागाच्या वर.

पेला आठवड्यातून एकदा उलटा करा किंवा नळीच्या जोराच्या धारेने धुवा. डेंगीचा एडिस डास अंड्यापासून ७ ते १० दिवसांत उडायला लागतो, म्हणून आठवडा चुकवू नये. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर पानाला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं ओतून भागत नाही, धार पानांच्या आतल्या बाजूवर फिरायला हवी. रॉकेल किंवा तेल टाकाल तर डासांबरोबर रोपही जाईल. कडुलिंबाच्या तेलाचं तेच, रुपेरी टिलँडसियावर तर ते खवले बुजवतं. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेक पुसून काढा.

कूज नसून फुलून गेलेलं रोप

नर्सरीतून लालभडक तुऱ्यासह आणलेली गुझमानिया दोन-तीन महिन्यांनी उतरू लागते, आयोनान्था लाल होऊन जांभळी फुलं देते आणि नंतर मलूल होते. एक रोप आयुष्यात एकदाच फुलतं. त्यानंतर ते पिल्लं वाढवतं आणि सावकाश संपतं. कधी काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं. हा काळ आजार समजून पाणी वाढवलं की आई कुजते आणि बगलेतली पिल्लंही तिच्याबरोबर जातात. पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं झालं की बुडाशी धरून खाली दाबत वेगळं करा, जखम दोन दिवस सुकू द्या, मग बांधा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र वेगळं करू नका, जखम सुकत नाही. दसऱ्यापर्यंत थांबा.

जड पाणी आणि मेचा उन्हाळा

पानांवर पांढरा राप बसला असेल आणि टोकं वाळत असतील तर बहुधा बोअरचं पाणी. त्यातला चुना खवल्यांवर बसतो आणि पाणी आत जाईनासं होतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १५०च्या आतलं पाणी वापरा. पावसाचं सर्वांत चांगलं, आरओचं गाळलेलं चालेल, आरओतून बाहेर टाकलेलं अजिबात नाही. राप बसलेलं रोप पावसाच्या पाण्यात तासभर, चार दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा भिजवा.

उन्हाळ्यात पुण्याकडे आठवड्यातून दोनदा, सकाळी २० ते ३० मिनिटं भिजवणं पुरतं. झेरोग्राफिकाला नुसती बुडी. नागपूर-अकोल्याच्या मेमध्ये सकाळचा नियम सोडला तरी चालतो: हवा इतकी कोरडी असते की संध्याकाळी भिजवलेलं रोप तास-दीड तासात वाळतं आणि रात्रीच्या श्वासाला मोकळं होतं. तिथे ५० टक्के शेडनेटखाली ठेवा. सप्टेंबरात पावसाची झड लागली तर मात्र विदर्भातही रोप कलतं करायला विसरू नका.